उंबरठ्याआडचं पाणी : ब्यूफ्योर्डमध्ये ऑक्सिजन परत कसा आला

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, गोथेनबर्गच्या उत्तरेला, उद्देवाला नावाचं गाव आहे. गोथेनबर्गहून ऑस्लोकडे जाणारा ई-६ महामार्ग गावाबाहेर समुद्राचा एक चिंचोळा पट्टा ओलांडतो. २००० साली खुला झालेला तिथला पूल सतराशे मीटरहून थोडा लांब आहे. पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना निळं, निवांत पाणी दिसतं. पुलाखालच्या सामुद्रधुनीचा तळ बारा-तेरा मीटरवरच लागतो. आतल्या बाजूला, गावाकडे, तोच तळ जवळजवळ पन्नास मीटरपर्यंत उतरत जातो.

म्हणजे खाडी आहे, पण तोंडाशी उंबरठा असलेली. तिचं नाव ब्यूफ्योर्ड. स्वीडिशमध्ये 'ब्यू' म्हणजे गाव, तेव्हा गावखाडीच म्हणायची. (रत्नागिरीजवळचं गावखडी आठवलं ना? मलाही तेच आठवलं.) जेमतेम सहा-सात चौरस किलोमीटरची ही खाडी समुद्रविज्ञानात नावाजली, कारण २०१० नंतरच्या दोन-अडीच वर्षांत तिच्या तळाशी साचलेल्या निर्जीव पाण्यात ऑक्सिजन परत आणून दाखवण्यात आला. 'पंप लावून समुद्रात हवा भरली' अशी ही गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. पंप लावला हे खरं. हवा भरली हे तितकंसं खरं नाही, आणि सगळी गंमत त्या फरकातच आहे.

पाणी शिळं कसं होतं

आपल्या कोकणच्या खाड्या बघत वाढलेल्या माणसाला पाणी 'अडकतं' ही कल्पनाच पटायला वेळ लागतो. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. दिवसातून दोनदा खाडी भरते, दोनदा रिकामी होते. उद्देवालाच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक वीत-दीड वीत. तेवढ्याने वरचं पाणी हलतं, उंबरठ्याच्या खालचं नाही.

त्यात खारेपणाची भर. बेव्हे नदीचं गोडं पाणी गावातून खाडीत उतरतं आणि हलकं म्हणून वरच पसरतं. खोलगटात बसलेलं पाणी जास्त खारट, म्हणून जड. न ढवळलेल्या सरबताच्या पेल्यात साखरेचा गोडवा तळाशी बसून राहावा तसं. वारा कितीही सुटला तरी वरचा थर डुचमळतो, तळ जागचा हलत नाही. हे तळाचं पाणी बदलायचा एकच मार्ग असतो: बाहेरून त्याच्याहूनही जड पाणी उंबरठा ओलांडून आत आलं पाहिजे. मग ते उतारावरून घरंगळत तळाशी जातं आणि जुन्या पाण्याला वर उचलून बाहेर घालवतं. पण आत आधीच बऱ्यापैकी जड पाणी बसलेलं असलं, तर त्याच्यावर मात करण्याइतकं जड पाणी नेमक्या वेळी उंबरठ्याच्या उंचीला येणं हा योग काही वर्षांतून एखादाच.

त्या मधल्या काळात वरून मेलेलं शेवाळ, विष्ठा, कुजकं सगळं तळाशी पडत राहतं. जिवाणू ते खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेटवर चालवतात, मग मँगनीज, मग लोह, आणि शेवटी समुद्राच्या पाण्यात मुबलक असलेल्या सल्फेटवर येतात. सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची राख म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. मासा, कोळंबी, शिंपला, किडा, कुणालाही तो सोसत नाही. ब्यूफ्योर्डच्या तळाचा चिखल काळा होता आणि त्यात एकही प्राणी नव्हता. 'कमी होते' असं नाही, नव्हतेच.

या गावाच्या बाबतीत हे जरा जास्तच बोचतं. उद्देवालाजवळच्या कुरोड इथे टेकडीच्या पोटात शिंपल्यांचे प्रचंड थर आहेत. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर स्कँडिनेव्हियाची जमीन हळूहळू वर आली आणि एकेकाळचा समुद्रतळ डोंगरात जाऊन बसला. १७४६ च्या प्रवासात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने हे थर पाहिले. पुढच्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायलने जमीन उचलली जाते याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं. ज्या गावाची टेकडी शिंपल्यांची, त्याच्या खाडीच्या तळाला शिंपला जगत नव्हता.

पंप

गोथेनबर्ग विद्यापीठातले समुद्रशास्त्रज्ञ आंडेर्श स्टिगेब्रांट फ्योर्डमधलं पाणी कसं मिसळतं याचाच अभ्यास करत आले होते. त्यांचं खरं लक्ष ब्यूफ्योर्डवर नव्हतं, बाल्टिक समुद्रावर होतं, त्याबद्दल पुढे. बाल्टिकवर काही करायचं तर आधी एखाद्या लहान खोलगटात करून बघायला हवं होतं. उंबरठा असलेली, तळाशी ऑक्सिजन नसलेली आणि गावाजवळ वीज असलेली खाडी त्यांच्या दाराशीच होती.

ऑक्टोबर २०१० मध्ये एका तरंगत्या फलाटावरचा पंप सुरू झाला. तो वरचं, पृष्ठभागाजवळचं पाणी ओढून नळातून सुमारे ३५ मीटर खोलीवर सोडत होता, सेकंदाला दोन घनमीटर. आपल्या हिशेबाने सांगायचं तर दहा हजार लिटरचा एक टँकर दर पाच सेकंदांना तळाशी रिकामा होतोय, रात्रंदिवस.

आता एक साधं गणित करून पाहा. दिवसाला १,७२,८०० घनमीटर पाणी. वरच्या थंड पाण्यात घनमीटरमागे आठ-दहा ग्रॅम ऑक्सिजन धरला तर दिवसाला दीड टनाच्या आसपास ऑक्सिजन खाली गेला. आकडा लहान नाही. पण वर्षानुवर्षं साचलेला सल्फाइड आणि काळा चिखल हे भुकेलं पोट आहे; आलेला ऑक्सिजन आधी तेच गिळतं. पंपाने आणलेल्या एवढ्याच ऑक्सिजनवर सगळी मदार असती, तर हे प्रकरण मी लिहायला घेतलं नसतं.

घडलं ते असं. वरचं पाणी कमी खारट, म्हणून हलकं. ते ३५ मीटरवर, जड पाण्यात सोडलं की वर उसळी मारतं आणि वर येता येता आजूबाजूच्या जड पाण्यात मिसळत जातं. रोज, सतत, अडीच वर्षं. परिणामी खोलगटातलं सगळंच पाणी हळूहळू हलकं होत गेलं. आणि आतलं पाणी हलकं झालं की उंबरठ्याबाहेरच्या, म्हणजे हावस्टेन्सफ्योर्डच्या साध्यासुध्या पाण्यालाही आत शिरायला पुरेसं वजन मिळतं. पूर्वी ज्याला एखाद्या असाधारण जड लाटेची वाट पाहावी लागायची, ते आता नेहमीच्या चढउतारात होऊ लागलं. खोल पाण्याची अदलाबदल पूर्वीच्या दहापट वेळा व्हायला लागली.

पंपाने खाडीत ऑक्सिजन भरला म्हणण्यापेक्षा, पंपाने कोंडलेल्या पाण्याचं वजन उतरवलं. ऑक्सिजन समुद्र स्वतः घेऊन आला. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा गणिताच्या या वळणावर थांबून परत मागे जाऊन वाचलं होतं. एवढ्या थोड्या विजेवर एवढं पाणी बदलतं, कारण मुख्य ओझं कुणी दुसराच उचलतोय.

तळाशी काय झालं

पहिले बदलले जिवाणू. ऑक्सिजनवर जगणाऱ्या जाती खोल पाण्यात दिसू लागल्या. अमोनियाच्या रूपात अडकलेला नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात आला. चिखलात नायट्रेटचा वायू करून तो हवेत सोडून देणारे जिवाणू जोरात कामाला लागले. खाडीतलं जास्तीचं खत कमी करण्याचा हा निसर्गाचा सगळ्यात स्वच्छ मार्ग, कारण ते कुठे साठत नाही, थेट हवेत जातं.

मग फॉस्फेट. हा या प्रकरणातला कळीचा भाग आहे, म्हणून थोडा थांबतो. ऑक्सिजन असताना चिखलाच्या पृष्ठभागावर गंजलेल्या लोहाचा एक तपकिरी पापुद्रा असतो आणि फॉस्फेट त्याला चिकटून बसतं. ऑक्सिजन गेला की गंज विरघळतो, फॉस्फेट सुटतं, पाण्यातून वर येतं, शेवाळाला खत होतं. शेवाळ मरून तळाशी पडतं, त्याला कुजवायला आणखी ऑक्सिजन लागतो. म्हणजे ऑक्सिजन नाही म्हणून खत, आणि खत आहे म्हणून ऑक्सिजन नाही. कर्जावरच्या व्याजासारखं हे स्वतःच वाढत जातं. ब्यूफ्योर्डमध्ये चिखलाचा वरचा थर पुन्हा ऑक्सिजनच्या संपर्कात आला आणि फॉस्फेटची गळती घटली. पाण्यातलं एकूण फॉस्फेट पाचपटीने उतरलं.

इथे मात्र मी थोडा हात आखडता घेतो. या घटीचं श्रेय दोघांना आहे: चिखलाने धरून ठेवलेलं फॉस्फेट आणि वाढलेल्या अदलाबदलीत उंबरठ्याबाहेर वाहून गेलेलं फॉस्फेट. पहिलं ही खरी सुधारणा. दुसरं म्हणजे आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात. हावस्टेन्सफ्योर्डला तेवढं झेपतं असेल, पण पाचपटीचा आकडा फडकवताना त्यातले दोन हिस्से वेगळे सांगितले पाहिजेत.

एक भीती सुरुवातीपासून होती. बंदराच्या गावाजवळच्या चिखलात जड धातू आणि विषारी रसायनं साठलेली असतात आणि सल्फाइडमध्ये ती बांधलेली असतात. ऑक्सिजन पोचला की ती मोकळी सुटली तर? मोजमाप केलं, गळती वाढलेली दिसली नाही. वरच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींची ठेवणही शेजारच्या हावस्टेन्सफ्योर्डपेक्षा वेगळी झाली नाही.

आणि शेवटी प्राणी आले. कुणी आणून सोडले नाहीत. अशा तळाशी वस्ती होते ती पाण्यासोबत तरंगत येणाऱ्या अळ्यांची. त्या जागा शोधतात, राहण्याजोगी वाटली तर उतरतात. ज्या चिखलात एकही प्राणी नव्हता तिथे वस्ती झाली. कुजका चिखल पुन्हा जिवंत कसा होतो याचा क्रम स्वीडनच्या याच किनाऱ्याने जगाला शिकवलाय. जवळच्या साल्टशेले फ्योर्डमध्ये १९६६ साली कागदाच्या लगद्याचा कारखाना बंद पडला आणि रुटगर रोझेनबर्गने तिथला तळ वर्षं-वर्षं तपासला. आधी छोटे, भराभर वाढणारे किडे, मग खोल बिळं करणारे, मग शिंपले आणि भंगुरतारे (तारामाशाचे नातलग). १९७८ मध्ये पिअर्सन आणि रोझेनबर्ग यांनी मांडलेला हा क्रम आजही पाठ्यपुस्तकात आहे. बिळं करणारे किडे आले की ते स्वतःच पाणी खाली ओढतात, चिखलात ऑक्सिजन नेतात. फलाटावरच्या पंपाच्या खाली हजारो चिमुकले पंप सुरू होतात.

साल्टशेलेचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण तिथे कुणी पंप लावला नव्हता. फक्त घाण थांबवली होती.

मोठ्या उंबरठ्यामागे

बाल्टिक समुद्र म्हणजे ब्यूफ्योर्डच, पण पावणेचार लाख चौरस किलोमीटरची. उत्तर समुद्राकडून खारं पाणी आत येतं ते डेन्मार्कच्या सामुद्रधुन्यांतून. तिथला डार्स उंबरठा केवळ १८ मीटर खोल. आत गॉटलंडचा खड्डा जवळजवळ अडीचशे मीटर. खारं, ऑक्सिजन असलेलं पाणी मोठ्या प्रमाणात आत यायला आठवडेच्या आठवडे विशिष्ट वारे लागतात. १९९३, २००३ आणि डिसेंबर २०१४ मध्ये तसं झालं. बाकी काळ तळ घुसमटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिकमधलं ऑक्सिजन-टंचाईचं क्षेत्र सुमारे ५,००० चौरस किलोमीटर होतं. अलीकडे ते ६०,००० च्या वर गेलंय, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढं. मुख्य कारण शेतीतून आणि सांडपाण्यातून आलेलं खत.

स्टिगेब्रांट आणि बू गुस्ताफसन यांनी २००७ मध्येच हिशेब मांडला होता: बाल्टिकच्या खोल पाण्याला सेकंदाला १०० किलो ऑक्सिजन पुरवला तर फॉस्फेटचं ते चक्र तोडता येईल. घनमीटरला दहा ग्रॅम धरले तर सेकंदाला दहा हजार घनमीटर पाणी खाली ढकलायचं. ब्यूफ्योर्डच्या पंपाच्या पाच हजारपट. तरंगत्या पवनचक्क्यांवर चालणाऱ्या पंपांच्या कल्पना कागदावर आल्या त्या यातूनच.

लुंड विद्यापीठाचे डॅनियल कॉनली आणि इतर अनेकांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: रोग खताचा आहे, खत कमी करा. पंप एकदा लावला की तो बंद करायचा कधी? वर्षानुवर्षं साचलेलं फॉस्फेट तळाशी आहेच. पंप थांबला, पाणी पुन्हा जड झालं, ऑक्सिजन संपला की ते सुटणारच. शिवाय खाली ढकललेलं पाणी उबदार असेल तर जिवाणूंची भूकही वाढते.

कॉड माशाचा मुद्दा मला या वादात सगळ्यात अवघड वाटतो. बाल्टिकच्या पूर्वेकडचा कॉड बोर्नहोम बेटाजवळच्या खोलगटात अंडी घालतो. अंडी तरंगायला खारेपणा किमान ११ च्या आसपास (किलोभर पाण्यात ११ ग्रॅम मीठ) लागतो. त्याहून कमी असला तर ती खाली बुडत जातात. आणि जगायला लिटरमागे किमान दोन मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. खारेपणा खाली आहे, ऑक्सिजन वर आहे, आणि मधल्या एका पातळ थरात दोन्ही पुरेसे मिळतात. काही वर्षं तो थर जवळजवळ नाहीसाच होतो. पंपाने ऑक्सिजन खाली नेला तर थर जाड होईल, पण त्याच पाण्याने खारेपणा उतरला तर वरून पातळ होईल. कोण जिंकेल हे ब्यूफ्योर्डच्या प्रयोगाने सांगता येत नाही, कारण तिथे कॉडची अशी पैदास नव्हतीच. २०१९ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने पूर्व बाल्टिकमधल्या कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली.

माझं मत विचाराल तर ब्यूफ्योर्डचा प्रयोग पूर्ण यशस्वी आणि पूर्ण स्थानिक आहे. उंबरठा उथळ, खोलगट लहान, आणि बाहेर चांगलं पाणी कायम तयार उभं. या तीन गोष्टी जिथे आहेत अशा खाड्यांसाठी तो नमुना आहे. बाल्टिकमध्ये पहिली आहे, दुसरी नाही, आणि तिसरी वाऱ्याच्या मर्जीवर आहे. विजेने पाणी फोडून हायड्रोजन तयार करताना किलोमागे आठ किलो ऑक्सिजन फुकट सुटतो, तो नळाने खोल पाण्यात सोडावा ही नवी कल्पना सध्या चर्चेत आहे. त्यात वजन उतरवण्याची युक्ती नाही, सरळ ऑक्सिजनच द्यायचाय. म्हणजे समुद्राची मदत न घेता सगळं ओझं स्वतः उचलायचं.

गोव्यासमोर

आपल्याकडे हे लागू होईल का, असं मला दोघा-तिघांनी विचारलंय. पश्चिम किनाऱ्यावर दर पावसाळ्यानंतर ऑक्सिजनची टंचाई येते हे खरं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोर एका ठराविक जागी मोजमाप चालवलंय; सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथल्या तळाच्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, हायड्रोजन सल्फाइडही सापडतो.

विद्यार्थी असताना अशाच एका सप्टेंबरात भाड्याच्या ट्रॉलरवरून आम्ही पाणी काढायला गेलो होतो. निस्किन बाटली दोरीवरून खाली सोडायची, मग पितळी वजन दोरीवरून घसरवायचं. ते खाली आपटलं की झाकणं बंद. तांडेल बराच वेळ बघत होता. "खाली आता काय गावाचा नाय," म्हणाला; म्हणजे तळाला काही मिळायचं नाही. वर आलेलं पाणी रबरी नळीने काचेच्या बाटलीत तळापासून भरलं, वरून वाहू दिलं, बुडबुडा राहता कामा नये. मग ऑक्सिजन तपासायची विंकलरची दोन द्रावणं घातली. ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी गाळ बसतो. पाच मीटरच्या पाण्यात तो गूळ विरघळल्यासारखा बसला. पंचवीस मीटरच्या बाटलीत पांढराफेक.

पण इथे उंबरठा नाही. खुला किनारा, सरळ उतार. पावसाळ्यात खोल अरबी समुद्रातलं ऑक्सिजन-गरीब पाणी वर सरकत किनाऱ्याला येतं आणि त्याच्यावर पावसाचं, नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं. इथे आतलं पाणी हलकं करून बाहेरचं बोलवायचं म्हटलं, तर बाहेर जे तयार उभं आहे तेच मुळात ऑक्सिजन नसलेलं. ब्यूफ्योर्डचा पंप इथे लावला तर तो पाहुण्याला बोलावून चोराला घरात घेईल. आणि शेतातून, गटारांतून येणाऱ्या खताने ही टंचाई तीव्र होते, त्याला पंप हे उत्तर नाहीच.

वारे फिरले, गोड्या पाण्याचं झाकण गेलं की खोल पाणी मागे सरतं. डिसेंबरात त्याच ट्रॉलरवरून त्याच जागी गेलो, त्याच पंचवीस मीटरवर बाटली सोडली. गाळ तपकिरी बसला. तांडेलाने या वेळी जाळंही तळालाच टाकलं होतं.